शेवटची बरणी

बरणीवर कागदी चिकटपट्टी, तिच्यावर बाबाचं तिरकं अक्षर:
क्वांडाँग. ऑगस्ट. रेल्वेपलीकडचं झाड.
वर्ष घातलेलं नाही.
नोएलीन आत्या म्हणते, त्याला सगळे ऑगस्ट सारखेच.

त्याचं नाव आम्ही सध्या घेत नाही.
निघालेल्याला हाक मारून वाटेत अडवू नये.
माझ्या आत्तेभावाचंही तेच नाव,
म्हणून मार्चपासून त्याला मधल्या नावानं बोलावतात, लेस्टर,
आणि तो दर वेळी जरा उशिरा वळतो,
शेजारच्या कुणालातरी हाक आली असावी तसा.

मी म्हटलं, ही एक बरणी राहू दे ना.
आत्यानं झाकण फिरवलंसुद्धा.
"फळ आहे. फोटो नाही."

रात्रभर भिजत पडले चामड्यासारखे तुकडे,
सकाळी टम्म,
आणि पाण्याला असा रंग की फेकवेना.
तेच पाणी पातेल्यात.
त्या झाडाकडे आता माणसं जात नाहीत.
रुळांच्या कडेनं तण मारायचं औषध फवारतात, पाटी लावली आहे.
एमू जातात. त्यांना कुठे वाचता येतं.

कांदा आत्या करपायच्या एक पाऊल अलीकडे थांबवते.
मग रानटोमॅटो: अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून टपालानं आलेले,
उन्हात आक्रसून मनुकांएवढे झालेले,
खलबत्त्यात घातले की घरभर जळक्या साखरेचा वास.
"चमचाभरच हं. जास्त पडले की रुसतात,
मग पोतंभर साखर ओत, कडूपणा सोडायचे नाहीत."
दुकानातलं सगळ्यात स्वस्त व्हिनेगर.
मिठाला सुट्टी;
कुंपणाशी वाढलेल्या सॉल्टबुशची राखाडी पानं
तव्यावर कुरकुरवून तळहातांत चुरायची.
मी चुरली. हात चाटले.
समुद्र इथून चार तास दूर आहे.

मग नुसतं रटरटणं.
चुलीमागच्या भिंतीवर तांबडे शिंतोडे,
त्यांच्याखाली जुने, तपकिरी पडलेले,
त्यांच्याही खाली आणखी.
घर रंगवायला आलेल्या माणसाला आत्यानं
तेवढी भिंत सोडायला लावली होती.
पळी तळाशी ओढायची, वाट पडते.
वाट लगेच मिटली तर अजून कच्चा.
मी ओढत राहिले, मिटत राहिली,
आत्या खुर्चीत बसून पाय चोळत राहिली,
आणि मग एकदा
मिटलीच नाही.

बाहेर लेस्टरनं निखाऱ्यांतून कांगारूची शेपटी काढली,
फॉइल उलगडताना बोटं फुंकत, शिव्या देत.
सगळे अंगणात. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक मोडकी.
तुकड्यावर सॉस ओतला, पहिलाच घास घेतला
आणि माझ्या दाढेखाली
कट्.

बी.
अख्खी, खड्ड्याखड्ड्यांची, गोटीएवढी गोल.
शेकडो फळं सोलली असतील त्यानं त्या दिवशी, सुरी घेऊन, रेडिओवर मॅच लावून,
आणि शेवटच्या गोलाला
एक फळ तसंच टाकलं बरणीत.

आत्यानं बी माझ्या हातातून घेतली,
उन्हात धरली, हसू लागली,
पोट धरून, डोळे पुसत, "अरे काय हा माणूस, अरे..."
आणि हसता हसता नाव सुटलं तोंडातून. अर्धंच.
पुढचं तिनं दातांनी धरलं.

कुणी काही बोललं नाही.
मोडकी खुर्ची करकरली.

निखाऱ्यांपाशी पाठमोरा उभा असलेला लेस्टर
झटकन वळला होता,
"काय गं, आई?"